हायड्रोजन बाहेर काढणं सोपं, परत भरणं अवघड

मागच्या अंकात पुण्याच्या हायड्रोजन बसबद्दल लिहिताना शेवटी 'बोरोहायड्राइड' (हायड्रोजन बांधून ठेवणारं बोरॉनचं एक संयुग) हा शब्द येऊन गेला, आणि त्या एका शब्दावर इतके मेसेज आले की यावेळचं सदर सगळं त्याच्यावरच करतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं कोणाचीच टाकलेली नाहीत, फक्त गाव दिलंय.

प्रश्न (निवृत्त शिक्षक, सांगली): एका पांढऱ्या पावडरीत वजनाच्या साडेअठरा टक्के हायड्रोजन असतो असं वाचलं. हे खरं का? आणि खरं असेल तर उद्या घरचा गॅस सिलेंडर जाऊन पावडरीचा डबा येणार का?

सर, आकडा खराय. ती पावडर म्हणजे लिथियम बोरोहायड्राइड, १८.५ टक्के. पण डबा घरी येणार नाही, आणि का नाही ते नीट सांगतो कारण सगळी गोष्ट त्यातच आहे.

आधी हायड्रोजन साठवायला एवढी धडपड का करायची ते बघू. एक किलो हायड्रोजनमध्ये साधारण ३३ युनिट ऊर्जा असते, लाइट बिलात येतं तेच युनिट. एलपीजीच्या किलोमध्ये पावणेतेराच्या आसपास. म्हणजे घरच्या १४.२ किलोच्या सिलेंडरइतकी ऊर्जा जेमतेम साडेपाच किलो हायड्रोजनमध्ये मावते. ऐकायला किती छान! पण तोच साडेपाच किलो हायड्रोजन नुसता मोकळा सोडला तर दहा बाय दहाच्या दोन खोल्या छतापर्यंत भरून वर उरेल. एलपीजी थोड्याशा दाबाला लगेच पातळ होतो म्हणून तो सिलेंडरमध्ये गपगुमान बसतो, हायड्रोजन तसा नाही, त्याला पातळ करायचं तर उणे २५३ अंशापर्यंत थंड करावं लागतं. म्हणून गाड्यांमध्ये तो ७०० बारला दाबून भरतात (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब), टोयोटाच्या मिराईमध्ये तसंच आहे. सीएनजी २०० बारला असतो, त्यावरून ७०० म्हणजे काय याचा अंदाज येईल. आणि एवढं दाबूनसुद्धा साडेपाच किलोला १४० लिटरच्या आसपास जागा जातेच, वर कार्बन फायबरची महागडी टाकी वेगळी.

तर लोकांनी विचार केला की वायू दाबत बसण्यापेक्षा त्याला कशाशी तरी बांधून ठेवू. बोरोहायड्राइडमध्ये नेमकं तेच असतं. बोरॉनचा एक अणू मध्ये, त्याच्या चार बाजूंना चार हायड्रोजन, आणि या पाच जणांच्या गटावर मिळून एक ऋण भार. मग त्याला धरायला लिथियम, सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम असा कुठला तरी धन भाराचा धातू. थोडक्यात हे मीठच आहे, खायच्या मिठात सोडियमबरोबर क्लोराइड असतं तिथे इथे बोरॉन-हायड्रोजनची चौकडी आहे एवढंच. लिथियम आणि बोरॉन दोघंही वजनाला हलके म्हणून टक्केवारी इतकी वर जाते. साडेपाच किलो हायड्रोजनला हिशेबाने ३० किलो लिथियम बोरोहायड्राइड पुरेल आणि त्याला जागा लागेल ४५ लिटर, पाण्याचे दोन मोठे जार. ना दाब, ना उणे तापमान. हे गणित पहिल्यांदा करतो तेव्हा कुणालाही भुरळ पडते, मलाही पडली होती आणि माझी बरीच वर्षं या पावडरींच्या मागे गेली.

आता स्वयंपाकघराचं. या पावडरीतनं हायड्रोजन बाहेर पडायला चांगलीच उष्णता लागते, चारशे अंशाच्या आसपास, आणि हवेतली ओल लागली तर ती हळूहळू खराब होते, पाणी पडलं तर पेट घेऊ शकते. घरात ठेवायची वस्तूच नाही ही. सिलेंडर, बुकिंग, सगळं आहे तसंच चालू राहणार सर.

प्रश्न (इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, कराड, असाच प्रश्न नांदेड आणि वापीहूनही): मग गाडीत काय अडचण आहे? गाडीत तर इंजिनीअर लोक काळजी घेतील ना. १८.५ टक्के असताना कंपन्या ७०० बारच्या टाक्या का वापरतात?

मित्रा, हाच खरा प्रश्न, याला जरा जास्त जागा देतो.

पहिली गोष्ट, १८.५ मधला सगळा हायड्रोजन हातात येत नाही. तापवल्यावर लिथियम बोरोहायड्राइड तुटतं आणि लिथियम हायड्राइड, बोरॉन आणि हायड्रोजन मिळतात. त्यातलं लिथियम हायड्राइड आपल्याकडचा हायड्रोजन घट्ट धरून बसतं, ते सोडायला आणखी कितीतरी जास्त तापमान लागतं, त्यामुळे कामाचा आकडा १३.८ टक्के. तोही वाईट नाहीये म्हणा.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पावडर २८० अंशाच्या जवळपास आधी वितळते, आणि मग पुढे जाऊन हायड्रोजन सोडायला लागते. गाडीतला फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणारं यंत्र, मात्र चालतो ८० अंशाला, म्हणजे त्याची वाया जाणारी उष्णता वापरून पावडर तापवू म्हटलं तर ती पुरणार नाही, मग हायड्रोजनचाच काही भाग जाळून टाकी तापवायची, म्हणजे साठवलं त्यातलंच खायचं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. हायड्रोजन निघून गेला, टाकीत लिथियम हायड्राइड आणि बोरॉन उरला, आता परत भरा. इथे गाडी अडते. सुटा झालेला बोरॉन म्हणजे अगदी थंड गडी, कोणाशी सहजासहजी जोडला जात नाही. जपानमध्ये तोहोकू विद्यापीठातल्या शिनइची ओरिमो यांच्या गटाने २००५ च्या सुमाराला तो परत जोडून दाखवला पण त्यासाठी ६०० अंश आणि ३५० बार लागले. पेट्रोल पंपावर हे करणार कसं? शिवाय प्रत्येक वेळी सगळा बोरॉन परत येतोच असंही नाही, वाटेत बारा-बारा बोरॉन अणू एकत्र येऊन एक बंद पिंजरा करतात, त्याला डोडेकाबोरेट म्हणतात, आणि तो पिंजरा इतका पक्का की त्यातला बोरॉन पुढच्या फेरीला कामाचाच राहत नाही. विरजण लागलेल्या दुधाचं परत दूध करायला घेतल्यासारखं आहे ते.

यावर एक फार सुंदर युक्ती निघाली, मला आजही ती वाचली की आनंद होतो. कॅलिफोर्नियात मालिबूला एचआरएल म्हणून प्रयोगशाळा आहे, तिथल्या जॉन वाजो आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये लिथियम बोरोहायड्राइडमध्ये मॅग्नेशियम हायड्राइड मिसळलं. आता हायड्रोजन निघताना बोरॉन एकटा पडत नाही, तो मॅग्नेशियमला जाऊन मिळतो आणि मॅग्नेशियम डायबोराइड तयार होतं (हाच पदार्थ ३९ केल्व्हिनला अतिवाहक होतो, म्हणजे वीज अडथळ्याशिवाय वाहू देतो, हे जपानमध्ये २००१ साली कळलं होतं, म्हणजे नाव ओळखीचं होतं, काम नवीन मिळालं). बोरॉनला असा जोडीदार मिळाल्यामुळे एकूण प्रक्रियेला लागणारी उष्णता कमी झाली, दर मोल (म्हणजे साधारण दोन ग्रॅम) हायड्रोजनमागे २५ किलोज्यूलने, आणि मुख्य म्हणजे परत भरणं आधीपेक्षा खूप सौम्य झालं, कारण मॅग्नेशियम डायबोराइडमधला बोरॉन सुट्या बोरॉनसारखा मख्ख बसून राहत नाही. हिशेबाने साडेअकरा टक्के हायड्रोजन. तेव्हापासून जगभर 'बोरोहायड्राइडला कोणाशी जोडू' यावर केवढं काम झालं! पण खरं सांगायचं तर तापमान तरीही साडेतीनशे-चारशेच्या घरातच राहिलं आणि वेग मंद, एकेक फेरीला तास लागतात.

मॅग्नेशियम बोरोहायड्राइडवर पण लोकांचा जीव आहे, १४.९ टक्के हायड्रोजन आणि बंध लिथियमवाल्यापेक्षा ढिले. त्याचं एक रूप तर २०११ मध्ये सापडलं त्यात स्फटिकाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग चक्क मोकळ्या पोकळ्या आहेत, स्पंजसारखा. पण परत भरायचं म्हटलं तर इथेही तेच, हवाई विद्यापीठात क्रेग जेन्सन यांच्या गटाने मॅग्नेशियम डायबोराइडपासून ते परत बनवलं तेव्हा ४०० अंश आणि ९०० बारच्या वर दाब द्यावा लागला. ७०० बारची टाकी नको म्हणून निघालो आणि ९०० वर पोचलो.

आणि समजा उद्या कोणी हे सगळं सोडवलं, दाब कमी, तापमान कमी, तरी एक गणित उरतंच आणि ते तू स्वतः करून बघ. हायड्रोजन बांधला जातो तेव्हा उष्णता बाहेर पडते, चांगल्यातला चांगला पदार्थ धरला तरी मोलमागे ४० किलोज्यूल. साडेपाच किलो पाच मिनिटांत भरायचा तर ही उष्णता ३६० किलोवॉटच्या आसपास होते, म्हणजे तीन किलोवॉटचे एकशेवीस गीझर एकदम चालू केल्यासारखं. ती पाच मिनिटांत टाकीतनं बाहेर काढायची कशी हा तुम्हा मेकॅनिकलवाल्यांचा प्रश्न आहे आणि रसायनाइतकाच अवघड आहे. पाच मिनिटांचा हट्ट सोडला, रात्रभरात भरू म्हटलं, तर मात्र हीच अडचण एकदम लहान होते, म्हणून माझं स्वतःचं मत असं झालंय की धातूत बांधलेला हायड्रोजन आधी एका जागी उभ्या असलेल्या साठ्यांसाठी कामाचा ठरेल, गाडीसाठी नंतर.

प्रश्न (वाचक, लातूर): व्हिडिओत एक माणूस बाटलीतल्या पाण्यात पांढरी पावडर टाकतो आणि निघालेल्या गॅसवर इंजिन चालवतो. 'पाण्यावर चालणारी गाडी' म्हणतात. एका ओळखीच्याने त्यात दोन लाख गुंतवायला सांगितलंय. गुंतवू का?

नका गुंतवू. कृपा करून नका गुंतवू. आधी हे लिहून मग पुढचं सांगतोय कारण ही तुमची कष्टाची शिल्लक आहे.

व्हिडिओतला प्रयोग खोटा असेलच असं नाही, ती पावडर बहुतेक सोडियम बोरोहायड्राइड असणार. ते पाण्यात टाकून जोडीला कोबाल्टचा क्षार घातला की सपाटून फेस येतो आणि हायड्रोजन निघतो, एका ग्रॅमला जवळपास दोन लिटर तीनशे सत्तर मिली, शून्य अंशाला मोजला तर. मजा म्हणजे त्यातला निम्मा हायड्रोजन खरंच पाण्यातनं येतो. पण ऊर्जा पाण्यातनं येत नाही, ऊर्जा पावडरीत आहे आणि ती कोणीतरी कारखान्यात वीज खर्चून तिथे भरलेली आहे. पाण्यावर गाडी चालते म्हणणं म्हणजे चूल काडेपेटीवर चालते म्हणण्यासारखं झालं, सरपणाचं नावच नाही.

ही गाडी याआधी होऊन गेलीय, तीही मोठ्या कंपनीची. अमेरिकेत क्रायस्लरने २००१ साली 'नॅट्रियम' नावाची मिनीव्हॅन दाखवली, नॅट्रियम हे सोडियमचं लॅटिन नाव. टाकीत सोडियम बोरोहायड्राइडचं पाण्यातलं द्रावण, ते आपोआप फसफसू नये म्हणून त्यात थोडा कॉस्टिक सोडा, ते उत्प्रेरकावरनं गेलं की हायड्रोजन, आणि तो फ्युएल सेलला. न जळणारं द्रावण, दाब नाही, चालायची पण छान. अडलं कुठे? मागे जे उरतं ते. साडेपाच किलो हायड्रोजनसाठी २६ किलो पावडर आणि कमीत कमी तेवढंच पाणी लागतं, आणि मागे ४५ किलो सोडियम मेटाबोरेट उरतं, ते पण कोरडं धरलं तर. ते पाणी धरून ठेवतं, स्फटिक होऊन नळ्या तुंबवतं. आणि त्याची परत पावडर करायची तर? बोरोहायड्राइड बनवायची जी नेहमीची पद्धत आहे तिच्यात एका बोरॉनमागे सोडियमचे चार अणू लागतात, आणि सोडियम धातू मिळतो वितळलेल्या मिठातनं वीज सोडून, भरपूर वीज. पावडर पाण्यात पडताना जी उष्णता निघते ती पण वायाच जाते. सगळा हिशेब मांडून अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २००७ मध्ये सांगून टाकलं की गाडीत बसवायला हा मार्ग नको.

तुमच्या ओळखीच्यांना एवढंच विचारा, उरलेल्या मेटाबोरेटची पावडर परत कुठे करणार आणि किलोला किती युनिट वीज लागेल. कागदावर आकडा लिहून देतात का बघा.

प्रश्न (वाचक, अंबरनाथ): आमच्या गावातल्या नौदलाच्या लॅबमध्ये पाणबुडीसाठी हेच करतात असं ऐकतो. गाडीत नको तर पाणबुडीत कसं चालतं?

तुम्ही फार चांगल्या जागी राहता. डीआरडीओची नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरी तुमच्याकडेच आहे आणि तिथे पाणबुडीसाठी एआयपी, म्हणजे बाहेरच्या हवेशिवाय चालणारी ऊर्जा यंत्रणा तयार झालीय. डिझेल-बॅटरीवाल्या पाणबुडीला बॅटरी चार्ज करायला अधूनमधून पृष्ठभागाजवळ येऊन हवा घ्यावी लागते आणि नेमकी तेव्हाच ती शत्रूला दिसायची भीती असते. एआयपी असली की बराच जास्त वेळ खालीच राहता येतं.

फ्युएल सेलला ऑक्सिजन आणि हायड्रोजन दोन्ही लागतात. ऑक्सिजन पातळ करून नेतात. हायड्रोजनचं काय करायचं यावर जर्मनांनी त्यांच्या २१२ जातीच्या पाणबुड्यांमध्ये धातूच्या हायड्राइडचे जड नळकांडे वापरले. अंबरनाथच्या लोकांनी वेगळी वाट घेतली, हायड्रोजन साठवायचाच नाही, लागेल तसा आतच सोडियम बोरोहायड्राइडपासून बनवायचा आणि फॉस्फोरिक आम्लाच्या फ्युएल सेलला द्यायचा. मार्च २०२१ मध्ये जमिनीवरच्या नमुना यंत्रणेची चाचणी यशस्वी झाली, लार्सन अँड टुब्रो आणि पुण्याची थरमॅक्स बरोबर होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयाने माझगाव डॉकशी साधारण १,९९० कोटींचा करार केला, पाणबुडीत बसणारा एआयपीचा भाग बांधायचा आणि जोडायचा.

आता गाडीला जे जमलं नाही ते इथे का जमतं ते बघा. पाणबुडीत पावडर महाग पडली तरी चालतं, कारण किंमत मोजायची ती पाण्याखालच्या दिवसांची. परत भरणं समुद्रात करायचंच नसतं, बंदरात आलं की उरलेलं काढून नवीन घालता येतं. वजनाचं पण गाडीसारखं नाही. आणि बंद पोलादी खोलीत माणसं असताना दाबाने भरलेल्या हायड्रोजनच्या टाक्या नसणं हा केवढा मोठा दिलासा आहे, हे तिथे राहणाऱ्यांनाच कळेल. पदार्थ तोच, प्रश्न बदलला की उत्तर बदलतं. मला आपल्याकडच्या या कामाचा मनापासून अभिमान वाटतो आणि त्याबद्दल मराठीत फार कमी लिहिलं जातं याचं वाईटही वाटतं.

प्रश्न (आठवीतली मुलगी, रत्नागिरी): काका, हे बोरोहायड्राइड कोणी शोधलं? आणि बोरॉन मिळतो कुठे?

अगं, बोरॉन तुझ्या घरातच असेल! कॅरमवर टाकतो ती बोरिक पावडर, तिच्यात बोरॉन असतो. सोनार डाग देताना वापरतात तो टाकणखार, त्यात पण. जगात सगळ्यात जास्त साठे तुर्कस्तानात आहेत, आपल्याकडे लडाखमध्ये पुगा खोऱ्यात गरम झऱ्यांपाशी टाकणखार मिळतो.

शोधाची गोष्ट छान आहे. हर्बर्ट ब्राउन नावाचा गरीब घरातला मुलगा शिकागो विद्यापीठात शिकत होता. १९३६ साली पदवी मिळाली तेव्हा त्याच्या मैत्रिणीने, सारा तिचं नाव, पुढे त्यांचं लग्न झालं, त्याला रसायनशास्त्राचं एक पुस्तक भेट दिलं. दुकानातलं सगळ्यात स्वस्त तेच होतं, दोन डॉलरच्या आसपास, कारण दोघांकडेही पैसे नव्हते. ते पुस्तक नेमकं बोरॉनच्या हायड्राइडांवर होतं. ते वाचून तो प्राध्यापक श्लेसिंजर यांच्याकडे त्याच विषयावर काम करायला गेला. मग दुसरं महायुद्ध आलं, अणुबॉम्बच्या कामासाठी युरेनियमचं सहज वाफ होणारं संयुग हवं होतं, म्हणून या दोघांनी युरेनियम बोरोहायड्राइड केलं आणि ते जास्त प्रमाणात करता यावं म्हणून सोप्या पद्धती शोधताना सोडियम बोरोहायड्राइड हाती लागलं. युरेनियमवाल्याची गरज नंतर संपली पण सैन्याला रणांगणावर फुगे भरायला हायड्रोजन हवा होता, त्याला हे चालेल असं दिसलं. युद्धातलं गुपित म्हणून हे सगळं छापून आलं ते थेट १९५३ मध्ये. ब्राउनना १९७९ चं नोबेल मिळालं, जर्मनीच्या गेऑर्ग विटिग यांच्याबरोबर.

प्रश्न (एका विद्यार्थिनीची आई, नाशिक): माझी मुलगी एमएस्सीला आहे, प्रोजेक्टमध्ये सोडियम बोरोहायड्राइड वापरते. परवा बाटलीचं झाकण उडालं म्हणाली. मी घाबरलेय. कॉलेज बदलू का?

ताई, कॉलेज बदलू नका, सवय बदलायला सांगा. हा पदार्थ आपल्या औषध कंपन्यांमध्ये रोज ड्रमच्या ड्रम वापरतात, एसबीएच म्हणतात त्याला, आणि चांदीचे नॅनोकण बनवायला तर एमएस्सीची मुलं सर्रास वापरतात. झाकण उडालं याचा अर्थ तिने द्रावण करून बाटली घट्ट बंद करून ठेवली असणार. साध्या पाण्यातलं द्रावण हळूहळू हायड्रोजन सोडत राहतं आणि बंद बाटलीत दाब वाढत जातो. तिला सांगा की द्रावण लागेल तेवढंच आणि त्याच वेळी करायचं, उरलं तर बंद करून ठेवायचं नाही, काम फ्यूम हूडमध्ये (वायू बाहेर ओढून घेणारं लॅबमधलं कपाट), जवळ बर्नर नको, डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि आम्ल त्याच्यावर कधीही एकदम ओतायचं नाही. उरलेलं बेसिनमध्ये न टाकता सरांना विचारून निकामी करायचं. आणि तिने तुम्हाला घरी येऊन हे सांगितलं ना, ते फार बरं केलं, तिच्यावर रागावू नका नाहीतर पुढच्या वेळी सांगणार नाही.

प्रश्न (वाचक, बेळगाव): हायड्रोजन राहू द्या, बॅटरीत पण हे वापरतात म्हणे?

हो, आणि ही गोष्ट थोडी अनपेक्षितपणे घडली. लिथियम बोरोहायड्राइड ११० अंशाच्या थोडं पुढे गेलं की त्याची स्फटिकरचना बदलते आणि त्या नव्या रूपात लिथियमचे आयन घन पदार्थातनं भराभर धावायला लागतात, साधारण हजार पटीने जास्त. हे २००७ मध्ये परत तोहोकूच्याच लोकांनी दाखवलं. म्हणजे बॅटरीतलं पेट घेणारं द्रव काढून तिथे हे घन मीठ ठेवता येईल. तापवायला नको म्हणून मग पिंजऱ्यांकडे वळले, वर मी ज्या बारा बोरॉनच्या पिंजऱ्याला नावं ठेवली ना, तोच पक्केपणा इथे गुण ठरला. पिंजऱ्यात एक कार्बन बसवून केलेल्या लिथियमच्या मिठांचं मिश्रण २०१९ मध्ये साध्या खोलीच्या तापमानाला जवळजवळ द्रवाइतकं वाहक निघालं. स्वित्झर्लंडमध्ये एम्पा संस्थेत सोडियमची अशी तीन व्होल्टची घन बॅटरी चालवून दाखवलीय. किंमत अजून खूप आहे कारण हे पिंजरे बनवणं किचकट, पण माझा अंदाज विचाराल तर बोरोहायड्राइडच्या घराण्याला आधी यश मिळेल ते इथे.

प्रश्न (एमएस्सी झालेला मुलगा, कोल्हापूर): पीएचडीला बोरोहायड्राइडमध्ये हायड्रोजन साठवण हा विषय मिळतोय. घेऊ का? सरकार हायड्रोजनवर पैसे घालतंय म्हणतात.

पैसे आहेत हे खरं, जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मिशनला १९,७४४ कोटी मंजूर झाले आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन बनवायचं लक्ष्य आहे. एवढा बनला तर ठेवायचा कुठे हा प्रश्न येणारच, म्हणून विषय जिवंत आहे. पण पैसा बघून घेऊ नको, विषयाची चव आहे का बघून घे, कारण यात वर्षानुवर्षं हाती काही लागत नाही.

माझा एक अनुभव सांगतो. सुरुवातीच्या काळात आम्ही झिंक बोरोहायड्राइड करून बघत होतो, त्यात साडेआठ टक्के हायड्रोजन असतो आणि ते शंभर अंशाच्या आसपासच वायू सोडतं. चारशे अंशाला कंटाळलेल्या माणसाला हे म्हणजे सोनंच वाटलं. वजन किती घटतं ते मोजलं आणि आकडा बघून आम्ही दोन दिवस हवेत होतो. तिसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ बाईंनी शांतपणे विचारलं की पदार्थात जेवढा हायड्रोजन आहे त्याच्यापेक्षा वजन जास्त कसं घटलं? मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे वायूत काय काय आहे ते ओळखणारं यंत्र, लावला तर कळलं की हायड्रोजनबरोबर डायबोरेन जातोय, विषारी वायू, फ्युएल सेललाही मारक, आणि त्याच्यासोबत आमचा बोरॉन पण उडून चाललाय, म्हणजे परत भरायला मागे काही उरणारच नव्हतं. त्या बाईंचा तो एक प्रश्न मला पुढे कायम उपयोगी पडला.

तेव्हा गाइडना भेटशील तेव्हा नम्रपणे तीन गोष्टी विचार. आधीच्या मुलांनी एकच नमुना परत परत किती वेळा भरून बघितला, दहा वेळा तरी? बाहेर पडणारा वायू नुसता वजनावरनं मोजतात की काय काय आहे ते तपासतात? आणि आर्गॉनचा ग्लोव्हबॉक्स (हवा-ओल आत येऊ न देणारी, हातमोज्यांतून काम करायची बंद पेटी) लॅबचा स्वतःचा आहे का, की दुसऱ्या विभागाचा आठवड्यातनं एकदा मिळतो? पहिल्या दोन गोष्टी नसतील तर तू सुरू करू शकतोस, उलट तेच तुझं काम होईल. ग्लोव्हबॉक्स नसेल तर मात्र दुसरा विषय माग, कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघड्या हवेत लिथियम बोरोहायड्राइड तोलता येत नाही.